रांगेतली साडेअकरा हजार पत्रं

पत्रावरची वेळ होती तीन वाजून सतरा मिनिटं. मी ते वाचलं सकाळी, तोंडही धुतलं नव्हतं तेव्हा. विषयाच्या ओळीत माझ्या खात्याचं नाव आणि पुढे नुसता ‘मेल’ हा शब्द. आत चार ओळी. तुझ्या जुन्या संपर्काच्या पानावरून रात्रभर टपाल बाहेर जातंय. रांगेत साधारण साडेअकरा हजार पत्रं साचली आहेत. तो फॉर्म तूर्त बंद केलाय, बाकी कशालाही हात लावलेला नाही. घाई नाही, झोप झाली की बघ. खाली सही म्हणून तीन अक्षरी लॉगिन. ना हुद्दा, ना ‘आपला विश्वासू’.

मी लगेच उत्तर लिहिलं. इतक्या लगेच, की ते लिहिताना मी उभीच होते. पूर्वसूचना न देता माझ्या साइटमध्ये असा बदल करणं मला पटलेलं नाही, आम्ही वर्गणी वेळेवर भरतो, यापुढे काही करण्याआधी विचारावं. साधारण असा मजकूर. खातं माझ्या एकटीचं आहे, साइट माझ्या एकटीची आहे, तिचे वाचक हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. तरी तिथे ‘आम्ही’ आलं. रागात माणूस स्वतःचं अनेकवचन करतो. पाच मिनिटांत उलट टपाली उत्तर आलं: ‘बरोबर आहे. पुढच्या वेळी आधी विचारेन. रांग रिकामी केली आहे.’

ते ‘बरोबर आहे’ मला अजून टोचतं.

माझी साइट ज्या सर्व्हरवर आहे तो कुठल्या कंपनीचा नाही, सभासदांचा आहे. दर महिन्याला वर्गणी भरायची, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, प्रत्येकाला एक मत. कुणाची जागा अर्धा जीबी असो की दोनशे जीबी, मत एकच. हे सगळं मला माहीत होतं. सभासद होताना नियमावली वाचून ‘मान्य’वर टिचकी मारली होती. पण माहीत असणं वेगळं आणि सकाळी उभ्या उभ्या आठवणं वेगळं. त्या सकाळी मी निव्वळ गिऱ्हाईक होते, आणि समोरचा माणूस माझ्या लेखी काउंटरपलीकडचा. तोही माझ्याइतकीच वर्गणी भरतो हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्या मशीनवर मी पहिल्यांदा लॉगिन केलं तो दिवस आठवतो. तोवर मी होस्टिंग म्हणजे कंट्रोल पॅनेल असंच समजत होते. रंगीत चौकोन, त्यावर चित्रं, आणि त्या चित्रांपलीकडे जग नाही. इथे मिळाला काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. काय करावं कळेना म्हणून ‘एलएस’ हा आदेश देऊन, सगळ्यांची खाती जिथे असतात त्या सामाईक ‘होम’ डिरेक्टरीत काय आहे ते पाहिलं, तर पडद्यावर नावंच नावं सांडली. शंभरावर असतील. कुणी आपलं आडनाव घेतलेलं, कुणी कुठल्या पक्ष्याचं नाव, एकाचं नुसतं ‘एक्स’. मग ‘डब्ल्यू’ हा एकाक्षरी आदेश कुणीतरी शिकवला. तो दिला की या क्षणी मशीनवर कोण कोण आहे, कधी आलं, किती वेळ हात न हलवता बसलंय आणि काय चालवतंय ते ओळीने दिसतं. माझ्यासकट चार जण होते. एक जण मजकूर संपादक उघडून बसलेला, एक जण ‘टॉप’ लावून मशीनची नाडी बघत होता, आणि एक जण नऊ दिवसांपूर्वी येऊन तसाच निश्चल. नऊ दिवस! कुठेतरी कुणाच्या तरी टेबलावर एक लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्या एका खिडकीत आमचं मशीन श्वास घेत होतं. मला उगाच त्याची काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दहा दिवस झाले होते.

कंपनीच्या शेअर्ड होस्टिंगवरही शेजारी असतातच. कदाचित जास्तच असतात, फक्त ते दिसू नयेत याची चोख व्यवस्था केलेली असते. एका मशीनवर, एकाच आयपी पत्त्यावर (म्हणजे इंटरनेटवरच्या क्रमांकावर), शेकडो साइट नांदतात आणि एकीला दुसरीचा पत्ता नसतो. हे नांदणं शक्य कसं झालं ती गोष्टही मजेशीर आहे. सुरुवातीचा ब्राउझर सर्व्हरकडे जायचा आणि म्हणायचा, अमुक पान दे. कुणाचं पान, ते सांगायची पद्धतच नव्हती. दारावर थाप पडली तर ती कुणासाठी आहे हे आतल्यांना कळणार कसं? म्हणून ज्या त्या साइटला स्वतंत्र आयपी पत्ता लागायचा, आणि ते पत्ते तर उभ्या जगाला मिळून सुमारे ४३० कोटी. मग १९९७ च्या जानेवारीत एचटीटीपीची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या रीतीने बोलतात तिची, १.१ ही आवृत्ती प्रमाण म्हणून आली आणि तिने एक ओळ सक्तीची केली: ‘होस्ट’. थाप मारणाऱ्याने आधी नाव घ्यायचं. एवढ्याशा सौजन्यावर स्वस्त होस्टिंगचा सगळा धंदा उभा राहिला, आणि आमच्यासारख्यांचा बिनधंद्याचा संसारही. पुढे जोडणी कुलूपबंद झाली तेव्हा हाच घोळ पुन्हा झाला, कारण कुलूप उघडेपर्यंत नाव ऐकूच येईना. त्यावरही २००३ मध्ये तोडगा निघाला, कुलपाआधीच नाव पुकारायचा. जुने ब्राउझर हद्दपार होऊन तो सगळीकडे चालायला मात्र पुढे कित्येक वर्षं गेली.

शेजार दिसतो म्हटल्यावर नको तेही दिसतं. एकदा माझीच एक फाइल शोधता शोधता मी दुसऱ्याच्या डिरेक्टरीत शिरले. शिरले म्हणजे काय, दार उघडंच होतं. वेब सर्व्हरला फाइल वाचता यावी म्हणून लोक तिला ६४४ अशी परवानगी देतात, म्हणजे मालकाने लिहावं आणि बाकी सगळ्यांनी वाचावं. त्या ‘बाकी सगळ्यां’त वेब सर्व्हर येतो तसा शेजारीही येतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ती फाइल होती एका साइटच्या मांडणीची, आणि अशा फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड सरळ लिहिलेला असतो. मी ती वाचली. खोटं कशाला बोलू? पूर्ण वाचली, पासवर्डसकट, आणि पासवर्ड बघून हसूही आलं. मग एकदम कान गरम झाले. त्या सभासदाला पत्र लिहिलं की तुमची अमुक फाइल इतरांना वाचता येत असावी असं दिसतं, एकदा तपासा. ‘असावी असं दिसतं.’ भाषा अशा वेळी फार कामाला येते. पुढे प्रत्येकाची पीएचपी, म्हणजे साइटमागचा प्रोग्रॅम, ज्याच्या त्याच्या खात्याखाली चालू लागली आणि ती फट बुजली. पण माझ्या ‘असावी असं दिसतं’ची फट काही बुजली नाही.

असो. फॉर्मकडे येते.

तो संपर्काचा फॉर्म मी स्वतः लिहिला होता, कितीतरी वर्षांपूर्वी, कुठल्याशा धड्यावरून ओळी उचलून. तीन चौकोन: नाव, ईमेल, मजकूर. खाली ‘पाठवा’. तो चालला तेव्हा मी स्वतःलाच पाच-सहा पत्रं पाठवून घेतली होती आणि प्रत्येक वेळी तितकाच आनंद झाला होता. त्यातली मेख अशी, की वाचणारा ईमेलच्या चौकोनात जे लिहील ते मी उचलून जसंच्या तसं पत्राच्या मथळ्यात, ‘प्रेषक’ या ओळीत, घालत होते. आणि पत्राचा मथळा म्हणजे ओळींचा गठ्ठा. एक ओळ संपली की दुसरी सुरू. आता कुणी त्या चौकोनात पत्ता लिहिला, मग नवी ओळ सुरू करणारं अदृश्य चिन्ह घुसवलं आणि पुढे लिहिलं ‘बीसीसी’, म्हणजे गुपचूप प्रत, आणि हजार पत्ते, तर माझा फॉर्म ते सगळं इमानेइतबारे मथळ्यात बसवणार आणि हजार लोकांना पत्र जाणार. चौकोन एका ओळीचा दिसतो म्हणून त्यात एकच ओळ मावेल, असं मी धरून चालले होते. दिसणं आणि मावणं यातला फरक मला त्या सकाळी कळला. दुरुस्ती एका ओळीची होती: नवी ओळ सुरू करणारं चिन्ह आलं की ते काढून टाकायचं. तेवढी एक ओळ लिहायला मला अर्धा तास लागला, कारण हात थरथरत होते. रागाने नव्हे, राग तोपर्यंत उतरला होता, आणि उतरताना त्याने आपली जागा मोकळी ठेवली नव्हती.

कारण तोवर इतर सभासदांची पत्रं यायला लागली होती. मला नव्हे, सगळ्यांच्या यादीवर. मशीन एक, त्याचा पत्ता एक, आणि स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्या ठेवणारे लोक पत्त्यावर शिक्का मारतात, माणसावर नाही. आमच्या सर्व्हरचा पत्ता पहाटेच दोन याद्यांत गेला होता. एका सभासदाची वाद्यवृंदाची मंडळी आहे, तिच्या तालमीचं वेळापत्रक जाईना. पत्र घेणारा सर्व्हर उत्तरादाखल एक आकडा देतो. ४ ने सुरू होणारा आकडा आला तर समोरचा म्हणतोय, जरा वेळाने ये. ५ ने सुरू होणारा आला की दार बंद. त्यांना ५५० आला होता. त्यांनी तो संपूर्ण नकार यादीवर चिकटवला होता आणि खाली नम्रपणे विचारलं होतं, हे फक्त माझ्याच बाबतीत होतंय का? त्याच्याखाली तीन अक्षरी सहीचं उत्तर: ‘नाही, सगळ्यांच्याच. रात्री एका खात्यातून गळती झाली, आता बंद आहे. यादीवाल्यांना कळवलं आहे.’

एका खात्यातून. नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं असतं तर मला राग तरी आणता आला असता.

मी इथे आले कशी, हेही सांगायला हवं. २००९ च्या ऑक्टोबरात जिओसिटीज, लोकांच्या फुकट पानांचं ते मोठं ठिकाण, बंद झालं तेव्हा त्याविषयी खूप लिहिलं गेलं; काही जिद्दी लोकांनी रात्रंदिवस खपून त्यातली जमेल तितकी पानं उतरवून घेतली. माझी पानं तिथे नव्हती, त्याहून कितीतरी लहान अशा एका फुकट सेवेवर होती. ती सेवा गेली तेव्हा कुणीच काही लिहिलं नाही. तीस दिवसांची मुदत देणारं पत्र मी बंद केलेल्या पत्त्यावर गेलं होतं. एके दिवशी पान उघडलं तर डोमेन विक्रीला आहे असा फलक. माझं नुकसान असं काही नव्हतं. वाचनाच्या नोंदी, एक अर्धवट कथा, वडिलांच्या हस्ताक्षराची स्कॅन केलेली चार पानं. त्यांच्या मूळ प्रती आजही कपाटात आहेत. पण कपाटातल्या प्रती बघितल्या की मला त्या पानाची पार्श्वभूमीच आठवते, फिकट पिवळी, तिचा रंगाचा क्रमांकसुद्धा. ज्या जागेसाठी मी काहीच दिलं नव्हतं तिच्यावर मी काय हक्क सांगणार होते? तेव्हा ठरवलं, पुढची जागा अशी हवी की बंद करायची झाली तर मला विचारावं लागेल.

शोधता शोधता कळलं की अशी जागा मागणारी मी पहिली नाही. जर्मनीत होस्टशेअरिंग नावाची सहकारी संस्था २००० पासून हेच करते आहे. अमेरिकेत एचकूप आहे. तिथल्या सभासदांनी तर सगळ्यांना आपापली डोमेन स्वतः मांडता यावीत आणि तरी कुणाच्या चुकीने दुसऱ्याचं बिघडू नये म्हणून एक वेगळी छोटी भाषाच रचली. मे फर्स्ट या अशाच संस्थेत मेक्सिको आणि अमेरिका दोन्हीकडचे सभासद आहेत आणि कामकाज स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत चालतं. मुळातली कल्पना तर १८४४ मधली: इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ जणांनी भांडवल गोळा केलं आणि ठरवलं की ज्याने जास्त घातलं त्याला जास्त मतं, असं असणार नाही. विणकरांच्या गावातल्या त्या दुकानाचा कायदा दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी हार्ड डिस्कला लागू होतो हे वाचताना मला फार भारी वाटलं होतं. सभासद झाले तेव्हा मी दोन दिवस लोकांना सांगत होते की मी एका सर्व्हरची मालकीण आहे. शंभरावर मालकांपैकी एक, पण मालकीण.

आता कळतं की ते भारी वाटणं गिऱ्हाइकाचंच होतं. चांगली वस्तू घेतल्याचं.

फॉर्मच्या प्रकरणानंतर दोन महिन्यांनी सर्वसाधारण सभा आली. तोवर मी एकाही सभेला गेले नव्हते. इतिवृत्तं यायची, मी ती ‘नंतर वाचू’ या फोल्डरमध्ये टाकायचे. या वेळी गेले. गेले म्हणजे ऑनलाइनच. बावीस जण होते, गणपूर्तीला चोवीस लागत होते. पंचवीस मिनिटं आम्ही सगळे दोन माणसांची वाट बघत बसलो. कुणी बोलेना. कुणाच्या तरी माइकमधून पंख्याचा आवाज येत होता. मग कुणीतरी एका सभासदाला फोन करून उठवलं, एक जण आपणहून आला, आणि कामकाज सुरू झालं. विषय रुक्ष: दोन डिस्क एकाच खेपेत घेतल्या होत्या, त्यातली एक गेलीय, दुसरीचा भरवसा काय, रूटचा, म्हणजे मशीनवर काहीही बदलायचा, अधिकार तिघांकडेच आहे, तिघांपैकी एक थकलाय, आपण स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं सोडावं का. या शेवटच्या विषयावर तो बोलायला लागला. तीन अक्षरी सही. आवाज मी कल्पिला होता त्यापेक्षा तरुण आणि दमलेला. मागे एक बाळ किरकिरत होतं, आणि तो बोलताना मध्ये मध्ये थांबून ‘हो हो हो’ करत होता, ते आम्हाला उद्देशून नव्हतं. त्याने आकडेवारी दिली, वर्षात किती वेळा पत्ता काळ्या यादीत गेला, बाहेर यायला किती दिवस लागले. ‘एका प्रसंगात’ असं म्हणून माझी रात्रही सांगितली. मी आपला माइक बंदच आहे ना ते तपासलं. मग कुणीतरी विचारलं, तू त्या रात्री जागा कसा होतास? तो म्हणाला, जागा नव्हतो, हा जागा होता. याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होतो, एका हाताने सहज बघितलं तर रांग वाढताना दिसली.

म्हणजे त्या चार ओळी त्याने एका हाताने टाइप केल्या होत्या.

१९६८ मध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मांडलं की सामाईक कुरण शेवटी उजाड होणारच, कारण प्रत्येक जण आपलं एक जनावर जास्तीचं सोडणार. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढची कितीतरी वर्षं खरोखरची सामाईक कुरणं, कालवे, मासेमारीच्या जागा पाहिल्या आणि दाखवलं की तसं होतंच असं नाही. लोक आपापसात नियम करतात आणि पिढ्यान् पिढ्या टिकवतात. त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेही २००९ च्या ऑक्टोबरात, जिओसिटीज बंद होण्याच्या दोन आठवडे आधी. टिकलेल्या ठिकाणी त्यांना जी लक्षणं दिसली त्यातलं एक मला नेमकं लक्षात राहिलंय: पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असते, आणि चूक करणाऱ्याला हे कळतं की आपल्याला पाहिलं गेलं आहे. फॉर्म तूर्त बंद केलाय, बाकी कशालाही हात लावलेला नाही. त्याने ऑस्ट्रॉम वाचल्या असतील असं मला वाटत नाही. त्याला झोपायचं होतं.

या सगळ्यात सहकाराचं कौतुक करायचा माझा विचार नाही, कारण तक्रारी माझ्याकडेही भरपूर आहेत. कंपनीच्या होस्टिंगवर रात्री दोनला काही बिघडलं तर कुणीतरी पगारी माणूस जागा असतो. आमच्याकडे बाळ जागं असावं लागतं. एकदा सलग दोन दिवस प्रत्येक साइटवर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा लाल इशारा झळकत होता. जोडणी सुरक्षित ठेवणारं, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट प्रमाणपत्र नव्वद दिवसांचं, ते आपोआप नवं व्हावं अशी व्यवस्था केलेली. व्यवस्थेने नवं प्रमाणपत्र वेळेवर आणलंही होतं, फक्त वेब सर्व्हरला ते पुन्हा वाचायला कुणी सांगितलं नव्हतं. तो आपला जुनंच हातात धरून बसलेला. शनिवार-रविवार होता, आणि तिन्ही रूटवाले नेमके आपापल्या माणसांत. नवीन प्रमाणपत्र डिस्कवर पडलेलं मला दिसत होतं, तारीखही दिसत होती, आणि एक आदेश द्यायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. मी मालकीण होते. त्या दोन दिवसांत मी दुसरीकडे जाण्यासाठी दोन कंपन्यांच्या योजनांची तुलना करणारा तक्ता बनवला. तो तक्ता अजून माझ्याकडे आहे, पुसलेला नाही.

गेले मात्र नाही. उलट पुढच्या सभेत, मेल सर्व्हर ठेवायचा असेल तर पाळीपाळीने लक्ष ठेवायला माणसं हवीत असं निघालं, तेव्हा मी हात वर केला. हे प्रायश्चित्त होतं का? थोडंसं असेल. बरंचसं असं की त्या तीन अक्षरांच्या माणसाने विचारल्यावर पुन्हा पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला होता आणि मला तो सहन होईना.

माझ्या पाळीच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सर्व्हरच्या घड्याळात साडेचार वाजले होते. ते यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, त्यामुळे तिथली पहाट ही आमच्यापैकी कुणाचीच पहाट नसते. मशीनवरचा भार, जो एरवी एक-दीडच्या आसपास असतो, तो तिसाच्या वर गेलेला. आदेश दिला की अक्षरं उमटायलाही वेळ लागत होता, जणू पडद्यामागे कुणी ती हाताने लावतंय. ‘टॉप’ लावून पाहिलं तर एकाच खात्याची एकच स्क्रिप्ट, ओळीने तीस वेळा. फोटोंचा बॅकअप घेणारी. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या यादीत, डोकावले आणि लगेच दिसलं. त्याला ती पहाटे चारला एकदा चालवायची होती. क्रॉनच्या ओळीत पहिली जागा मिनिटाची, दुसरी तासाची. त्याने तासाच्या जागी ४ लिहिला होता आणि मिनिटाच्या जागी तारा (*) तसाच सोडला होता. तारा म्हणजे कुठलंही मिनिट. म्हणजे चार वाजता एकदा नव्हे, चार ते पाच या तासात दर मिनिटाला, साठ वेळा. आणि एक बॅकअप संपायला एका मिनिटाहून कितीतरी जास्त वेळ लागत असल्यामुळे सगळे एकमेकांच्या उरावर. ताऱ्याच्या जागी शून्य हवं होतं.

एक अक्षर. ते मी बदलू शकत होते. पाळीवाल्यांना आता रूट मिळालं होतं. बोट शून्याच्या कळीवर गेलंही. पण मग वाटलं, ही त्याची ओळ आहे, त्याने लिहिलेली. शून्य मी लिहिलं तर त्याला कधी कळणारही नाही की तारा होता. मी चाललेले तीसच्या तीस बॅकअप थांबवले, त्याच्या ओळीच्या सुरुवातीला एक ‘#’ हे चिन्ह टाकून ती निजवली, आणि भार उतरताना बघत बसले. तीस, बावीस, नऊ. पंख्याखाली बसल्यासारखं वाटलं.

मग पत्र लिहायला घेतलं, आणि ते काही जमेना. ‘आपल्या निदर्शनास आणून देत आहोत’ असं लिहिलं, खोडलं, पुन्हा आम्ही. ‘काळजी करू नका’ लिहिलं, तेही खोडलं, कारण काळजी करू नका म्हटलं की माणूस आधी काळजी करतो. ‘अशी चूक माझ्याकडूनही झाली होती’ हे वाक्य बराच वेळ ठेवलं होतं. खरं होतं, पण त्याच्या पत्रात माझी गोष्ट कशाला? शेवटी जे उरलं ते मोजून चार ओळींचं होतं आणि मी ते मुद्दाम तसं केलं नव्हतं. क्रॉनची ओळ निजवली आहे, बाकी कशालाही हात लावलेला नाही. मिनिटाच्या जागी तारा आहे, तो बघ. घाई नाही.

मी तयारीत होते. तो चिडेल, मग मी ‘बरोबर आहे’ म्हणेन, आणि कुठलातरी हिशेब पुरा होईल. दहा मिनिटांत उत्तर आलं. लांबलचक. माफ करा, मी नवीन आहे, मला यातलं फारसं कळत नाही, हवं तर सगळे बॅकअप काढून टाकतो, फोटोही कमी करतो, दंड असेल तर भरतो, पण कृपया खातं बंद करू नका. तीनदा ‘कृपया’ होतं.

मी ते दोनदा वाचलं. त्याच्या सभासदत्वाला चार महिने झाले होते. माझ्या आणि त्याच्या मतात कणभर फरक नव्हता. पुढच्या सभेत तो मला पाळीवरून काढायचा ठराव मांडू शकला असता. मी काउंटरपलीकडच्या माणसाला झापलं होतं, आणि हा काउंटरपलीकडच्या माणसाच्या पाया पडत होता, आणि काउंटर कुठे होतं कोण जाणे. मी लिहिलं, खातं बंद करणारी मी कुणी नाही, तुझ्याइतकीच सभासद आहे. वाचून पाहिलं तर तेही थोडं मोठेपणाचंच वाटलं. तसंच पाठवलं.

मग सहज ‘डब्ल्यू’ दिलं. मशीनवर आम्ही दोघंच होतो. त्याच्या ओळीत, काय चाललंय त्या रकान्यात, क्रॉनची फाइल संपादनाला उघडलेली दिसत होती. निश्चल वेळ सात सेकंद. पुन्हा दिलं: तीन सेकंद. पुन्हा: चाळीस. विचार करत असावा. ‘राइट’ नावाचा एक जुना आदेश आहे, त्याने समोरच्याच्या पडद्यावर थेट ओळ उमटवता येते. मी त्याचं नाव टाइप केलं आणि एंटरच्या आधी थांबले. अनोळखी मशीनवर, चूक दुरुस्त करत असताना, अचानक पडद्यावर कुणाचे तरी शब्द उमटले तर मी स्वतः खुर्चीवरून उडाले असते. अक्षरं एक एक करून मागे घेतली. थोड्या वेळाने त्याची ओळ नाहीशी झाली.

त्याने शून्य लिहिलं की नाही हे मला बघता आलं असतं. रूटला सगळ्यांच्या फाइली दिसतात, ६४४ असोत की फक्त मालकाला वाचता येणाऱ्या ६००. उघडली नाही. सर्व्हरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. पुढचे चार वाजायला जवळजवळ तेवीस तास होते, आणि त्या वेळी पाळी माझीच होती.